पोलंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना: एकदा ग्रोजिस्कच्या मैदानावर या

प्रिय मंडळी,
सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीत पोझनानला फराळासाठी आपण पंचवीस-तीस जण जमलो होतो. चकल्या संपल्या, मुलं पेंगुळली आणि विषय निघाला फुटबॉलचा. कुणी बर्लिनला सामना बघून आलं होतं, कुणी डोर्टमुंडला, एकाने बार्सिलोनाची तिकिटं काढून ठेवली होती. आपल्यातल्याच एका मित्राच्या अंगात मँचेस्टर सिटीचा निळा शर्ट होता. मी त्याला म्हटलं, तुझ्या या सिटीला इथून पन्नास किलोमीटरच्या आतल्या एका गावाने युरोपीय स्पर्धेतून घरी पाठवलं होतं. सगळे हसले. मी थट्टा करतोय असंच सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात चहा आला आणि विषय बदलला.

ते हसणं मला लागलं. तुमचा दोष नाही, मलाही इथे आल्यावर दोन-तीन वर्षं काही माहीत नव्हतं. पण ज्या देशात आपण राहतो, ज्याच्या ट्राममध्ये बसतो, ज्याला कर भरतो, त्याच्या गावागावांत दर शनिवारी-रविवारी काय चालतं याचा आपल्याला पत्ता नसावा, हे मला बरं वाटत नाही. म्हणून सवड काढून लिहितोय. पत्र लांबलं आहे, सांभाळून घ्या.

गावाचं नाव ग्रोजिस्क व्येल्कोपोल्स्की. वस्ती चौदा हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या ठिकाणाहूनही लहान. पोझनानहून वोल्श्टिनला जाणारी जी छोटी गाडी आहे ना, त्याच मार्गावर. तुमच्यापैकी काही जण वोल्श्टिनला वाफेची इंजिनं बघायला मुलांना घेऊन गेला आहात, म्हणजे ग्रोजिस्कच्या फलाटावरूनच गेला आहात. उतरला नसाल इतकंच.

या गावाचा क्लब म्हणजे डिस्कोबोलिया. पोलिश भाषेत डिस्कोबोल म्हणजे थाळीफेक करणारा, तो जुना ग्रीक पुतळा असतो ना, तसा. फुटबॉल संघाला थाळीफेकीचं नाव! मला ते फार आवडतं. क्लब स्थापन झाला 1922 साली. हे साल नुसतं पाठ करून सोडून देण्यासारखं नाही. त्याच्या आधी शंभरावर वर्षं हा सगळा भाग प्रशियाच्या, म्हणजे जर्मनांच्या ताब्यात होता आणि गावाचं नावही ग्रेट्झ होतं. 1918च्या डिसेंबरात पोझनानमधून उठाव सुरू झाला आणि हा प्रदेश पुन्हा पोलंडला मिळाला. त्याला चार वर्षं होत नाहीत तोच ग्रोजिस्कच्या लोकांनी स्वतःच्या भाषेतल्या नावाने स्वतःचा क्लब काढला. नुकतं स्वतंत्र झालेलं गाव आधी कशाकशाला हात घालतं, ते यावरून कळतं.

इथे जरा वाट वाकडी करून एक गोष्ट सांगतो, कारण ती याच तालुक्यातली आहे. ग्रोजिस्कच्या पुढे राकोन्येवित्से लागतं, त्याच्या जवळ पोदग्रादोवित्से नावाचं खेडं होतं. तिथे मिखाऊ जिमावा नावाच्या शेतकऱ्याने 1904च्या सुमाराला जमीन घेतली. पोलिश माणसाने नवं घर बांधायचं तर प्रशियन सरकारची परवानगी लागे, आणि ती त्याला मिळाली नाही. मग हा गडी सर्कशीची असते तशी चाकांची गाडी घेऊन तिच्यात राहायला गेला. चाकं आहेत, रोज थोडी पुढेमागे सरकते, म्हणजे हे घर नाही! सरकार कज्जे करत राहिलं आणि जिमावाची गाडी पोलंडभर गाजली. पुढे त्या खेड्यालाच त्याचं नाव दिलं. या मातीतली माणसं आपल्या जागेला किती चिकट असतात ते तुमच्या लक्षात यावं म्हणून सांगितलं. जिमावा हे आडनावही ध्यानात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हा प्रदेश थेट आपल्या राज्याला जोडून घेतला आणि पोलिश क्लब, संस्था, संघटना सगळं बंद पाडलं. युद्ध संपल्यावर पुन्हा मांडामांड. साम्यवादी काळात क्लबांना कुणी ना कुणी सरकारी धनी असे. लेख पोझनान रेल्वेवाल्यांचा, वॉर्सातला लेगिया लष्कराचा, गुर्निक नावाचे क्लब खाणकामगारांचे. लहान गावातले क्लब गावातल्या कारखान्याच्या, सहकारी संस्थेच्या आधाराने कसेबसे उभे असत. 1989नंतर ती व्यवस्थाच कोसळली. सरकारी कारखाने बुडाले किंवा विकले गेले आणि त्यांच्याबरोबर कित्येक नावाजलेले क्लबही गाळात गेले. पण त्याच धामधुमीत काही लहान गावांतून नवे खासगी कारखानदार वर आले. पैसा होता, उमेद होती, आपल्या गावाचं नाव व्हावं ही हौस होती. नव्वदच्या दशकात पोलिश फुटबॉलच्या वरच्या दर्जात अचानक लहानलहान गावांची नावं दिसू लागली ती यामुळे.

ग्रोजिस्कचा कारखानदार म्हणजे झ्बिग्न्येव जिमावा. मघाचंच आडनाव. नातं आहे असं माझं म्हणणं नाही, योगायोग तेवढा सांगतो. त्यांची कंपनी ग्रोक्लिन मोटारींच्या सीटा आणि सीटांची कव्हरं बनवायची. त्यांनी क्लब हाती घेतला, संघाच्या नावापुढे कंपनीचं नाव लागलं, मैदान नवं झालं, खेळाडू आले. नव्वदचं दशक संपता संपता डिस्कोबोलिया एक्स्त्राक्लासात, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या दर्जात पोचली होती. 2003 साली त्या दर्जात दुसरा नंबर! पहिला आला क्राकूफचा विस्वा. क्राकूफ म्हणजे लाखांनी वस्ती असलेली जुनी राजधानी, आणि तिच्या पाठोपाठ हे चौदा हजारांचं गाव.

त्या दुसऱ्या नंबरामुळे यूएफा कपात प्रवेश मिळाला आणि 2003च्या शरद ऋतूत जे झालं ते मी वेगवेगळ्या तोंडांतून इतक्यांदा ऐकलं आहे की आपण तिथे होतो असंच वाटतं. आधी बर्लिनचा हेर्था. बर्लिनमध्ये 0-0, ग्रोजिस्कला 1-0. बर्लिनवाले घरी. मग चिठ्ठीत निघाला मँचेस्टर सिटी. त्या वर्षी सिटी नुकतीच आपल्या नव्या, प्रचंड मैदानात राहायला आली होती. प्रशिक्षक केव्हिन कीगन, आघाडीला गोल मारणारा आनेल्का. 6 नोव्हेंबरला तिथे सामना झाला आणि सहाव्या मिनिटाला आनेल्काने गोल केला. आता हे गावाकडचे पोरगे धुतले जाणार असं सगळ्यांना वाटलं असणार. पण नाही. उत्तरार्धात डिस्कोबोलियाला फ्री किक मिळाली आणि सेबास्तियान मिला नावाच्या एकवीस वर्षांच्या डावखुऱ्या पोराने ती थेट जाळ्यात घातली. 1-1. तेव्हाच्या नियमाप्रमाणे दोन सामने मिळून बरोबरी झाली तर परक्या मैदानावरचा गोल जड धरत. म्हणजे परतीच्या सामन्यात गोल खाल्ला नाही की झालं.

परतीचा सामना 27 नोव्हेंबरला, ग्रोजिस्कला. मैदानात पाचेक हजार माणूस मावतं. म्हणजे हिशेब करा, गावाचा तिसरा हिस्सा तरी मावेल. सामना 0-0 सुटला. सिटी बाहेर. पुढच्या फेरीत बोर्दोने डिस्कोबोलियाला हरवलं, पण ते होईपर्यंत सगळ्या पोलंडला ग्रोजिस्क नकाशावर कुठे आहे ते पाठ झालं होतं.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा दोन तालमींच्या संघांचा सामना असला की शहरात काय वातावरण असतं ते आपल्यातल्या कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. गॅलरीच्या पायऱ्यांवर उभं राहून बेंबीच्या देठापासून ओरडतच मी लहानाचा मोठा झालो. त्यामुळे ग्रोजिस्कच्या त्या रात्रीचं वर्णन मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. आपली पेठ, आपला संघ, समोर कितीही मोठा गडी असो!

त्यानंतरची चार-पाच वर्षं ग्रोजिस्कने सुगीची बघितली. 2005 आणि 2007 साली पोलिश कप गावात आला. 2005मध्ये लीगमध्ये पुन्हा दुसरा नंबर. 2008मध्ये तिसरा.

आणि त्याच 2008च्या उन्हाळ्यात संघ गेला.

हरला नाही, खालच्या दर्जात घसरला नाही, तिसरा येऊन गेला. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुन्हा विचारलं होतं, की मी पोलिश चुकीचं ऐकतोय का. एक्स्त्राक्लासात खेळण्याचा परवाना कंपनीच्या नावावर असतो आणि कंपनी कुठे विलीन करायची हा मालकाचा अधिकार. मालकाला क्लब सोडायचा होता. आधी व्रोत्सवाफच्या श्लाँस्कबरोबर जुळवून बघितलं, ते फिसकटलं. मग वॉर्सातल्या पोलोनिया क्लबच्या बांधकाम व्यावसायिक मालकाशी सौदा ठरला. पोलोनिया तेव्हा दुसऱ्या दर्जात होती. कागदावर दोन्ही क्लब एक झाले, वरच्या दर्जातली जागा पोलोनियाला मिळाली, बरेचसे खेळाडूही वॉर्साला गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ज्या गावात लेगिया आणि विस्वा खेळायला यायचे, त्या गावात सुट्टीनंतर वरच्या दर्जाचा संघच नव्हता.

जिमावांना मी खलनायक करणार नाही. गावातले लोकही करत नाहीत, निदान मला भेटलेले तरी नाहीत. त्यांचा पैसा नसता तर ना हेर्था आला असता, ना सिटी. कारखानदाराने किती वर्षं खिशातून घालायचं, हाही प्रश्न आहेच. पण विकताना कशाकशाची किंमत धरली गेली, त्याचा मी खूप विचार केला आहे. खेळाडूंचे करार धरले, परवाना धरला. 1922पासून रविवारी मैदानावर चुना टाकणाऱ्या, जाळी शिवणाऱ्या, पोरांना सायकलवर मागे बसवून सरावाला नेणाऱ्या माणसांचं त्या कागदावर काहीच नव्हतं, कारण त्यांच्या नावावर काही नव्हतंच. उद्या पाटाकडीलचा परवाना कुणी पुण्याला नेला तर? तालमीचा परवाना नेता येत नाही, कारण तालीम पेठेची असते. इथे मात्र तो नेता आला.

आणि नेलेल्याचं पुढे काय झालं तेही सांगतो. पोलोनिया त्या जागेवर पाच हंगाम खेळली. 2012मध्ये तिचाही मालक बदलला, कर्ज झालं, 2013मध्ये परवाना नाकारला गेला आणि वॉर्सातल्या त्या जुन्या, मानाच्या क्लबला पाचव्या दर्जातून नव्याने सुरुवात करावी लागली. पोलोनियाच्या प्रेक्षकांचंही वाईटच झालं, त्यांच्यावर माझा राग नाही. पण ग्रोजिस्कचं ताट उचलून तिकडे वाढलं आणि तिथेही कुणाचं पोट भरलं नाही, एवढं खरं.

व्रोन्कीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती हिचीच जुळी बहीण आहे. पोझनानच्या वायव्येला, अकरा-बारा हजारांचं गाव. तुमच्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघरात आमिकाची शेगडी किंवा ओव्हन असेल, तो कारखाना व्रोन्कीचा. त्याच्या जोरावर आमिका व्रोन्कीने 1998, 1999 आणि 2000 असा सलग तीनदा पोलिश कप जिंकला. 2006 साली आमिका आणि लेख पोझनान एक झाले. नाव राहिलं लेखचं. व्रोन्कीला लेखची अकादमी आणि दुसरा संघ राहिला, म्हणजे मैदानावर फुटबॉल आहे, चांगला आहे. पण पाटीवर नाव पोझनानचं. उलट दक्षिणेत न्येचेचा नावाचं साडेसातशे वस्तीचं खेडं आहे, हो, साडेसातशे! रस्त्याला घालायचे ब्लॉक बनवणाऱ्या कारखान्याच्या बळावर तिथला क्लब 2015मध्ये एक्स्त्राक्लासात पोचला, दोनदा खाली आला, पुन्हा वर गेला, पण खेड्यातच राहिला. म्हणजे मालक असणं हेच वाईट, असं सरसकट म्हणता येत नाही. मालक कंटाळला की काय होतं, हे मात्र ग्रोजिस्कला विचारावं.

आता ग्रोजिस्कने काय केलं ते. या पत्रातला माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग हाच आहे.

मैदान जागेवरच होतं. नाव जागेवर होतं. पोरं होती. खालच्या दर्जातून पुन्हा खेळायला सुरुवात झाली. पुढे जो क्लब उभा राहिला त्याचं नाव 'नाशा डिस्कोबोलिया'. नाशा म्हणजे आपली. आपली डिस्कोबोलिया! ते नाव मी पहिल्यांदा भिंतीवरच्या कागदावर वाचलं तेव्हा तिथेच थबकलो. ज्यांच्या घरातून एकदा नेलं, त्यांनी पुन्हा मांडताना नावाच्या आधी काय लिहावं? आपली.

या मैदानाच्या नशिबी आणखी एक विचित्र योग आला. 2020मध्ये पोझनानचा जुना वार्ता क्लब एक्स्त्राक्लासात गेला, पण त्यांचं स्वतःचं मैदान वरच्या दर्जाच्या नियमात बसेना. म्हणून ते घरचे सामने ग्रोजिस्कला खेळत. 2024पर्यंत, चार हंगाम, ग्रोजिस्कच्या त्याच हिरवळीवर पुन्हा लेगिया आली, लेख आला, टीव्हीच्या गाड्या आल्या. घर आपलं, लग्न दुसऱ्याचं. मी स्वतः त्या काळात पहिल्यांदा तिथे गेलो, वार्ताचा सामना बघायला. सामना विसरलो. लक्षात राहिली ती शेजारी बसलेल्या आजोबांची नजर. ते खेळाकडे कमी आणि मैदानाकडेच जास्त बघत होते, कुणी आपल्या वाड्यात भाडेकरू ठेवले की घरधनी बघतो तसे.

त्याच आजोबांनी मला सांगितलं की गावाचा खरा संघ बघायचा तर पुढच्या आठवड्यात ये.

मी गेलो. नोव्हेंबर होता, दुपारी तीनलाच दिवे लावावेसे वाटणारा. फाटकाशी शाळेतलं असतं तसं एक बाक, त्यावर बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणि मागे लोकरी टोपी घातलेल्या एक बाई. पैसे डब्यात, तिकीट वहीतून फाडलेलं, त्यावर क्लबचा शिक्का, शाई जरा फुटलेली. ते तिकीट अजून माझ्या पाकिटात आहे. प्रेक्षक फार तर दीडशे. बसायला जागाच जागा, तरी सगळे एकाच बाजूला, कुंपणाला टेकून उभे. जो तो सूर्यफुलाच्या बिया सोलून खात होता आणि टरफलं पायाशी पडत होती. आपल्याकडे शेंगा खातात तसं. आजोबांनी माझ्या ओंजळीत बियांची अर्धी पुडी ओतली. मला त्या दाताने नीट फोडता येईनात, तर शेजारच्या दहा-बारा वर्षांच्या मुलीने दाखवून दिलं, कडेने चावायचं, मध्ये नाही.

पंचविसाव्या मिनिटाला चेंडू कुंपणाबाहेर गेला आणि रेफरीसकट सगळे थांबले. मुलं पळत जाऊन चेंडू घेऊन आली. गोलरक्षक दिवसा प्लंबिंगचं काम करतो असं कळलं. मधल्या फळीतल्या एकाचे वडील माझ्या मागेच उभे होते आणि मुलाला इतक्या शिव्या घालत होते की मला पोलिश शब्द नव्याने शिकायला मिळाले. सत्तराव्या मिनिटाला कॉर्नरवरून डोक्याने गोल झाला. दीडशे माणसांचा आवाज तो केवढा, पण मैदान मोकळं असल्यामुळे तो घुमून परत आला, आणि आजोबांनी माझा दंड असा घट्ट धरला की हिवाळी जाकिटातूनही बोटं जाणवली. 2003मध्ये सिटी आली तेव्हा आजोबा याच कुंपणाशी उभे होते, मुलाला घेऊन. मुलगा आता आयर्लंडला असतो.

सामना संपल्यावर त्यांनी मला गावची बिअर दाखवायला नेलं. न पिणाऱ्यांनीही ही गोष्ट ऐकावी. ग्रोजिस्कची बिअर गव्हाची, ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टची. काही शतकं हे गाव त्या बिअरसाठीच ओळखलं जायचं. 1993मध्ये कारखाना बंद पडला आणि ती बिअर जगातून नाहीशी झाली. पण घरच्या घरी बिअर करणाऱ्या पोलंडमधल्या हौशी लोकांनी जुनी कृती, जुनं यीस्ट यांचा पिच्छा सोडला नाही, आणि 2015मध्ये गावातला कारखाना पुन्हा सुरू झाला. आजोबांनी पेला उजेडाकडे धरून दाखवला, फिकट, जवळजवळ लिंबाच्या सरबतासारखा, आणि वास होळीच्या दुसऱ्या दिवशी अंगणात येतो तसा.

मंडळी, आता मागणं.

आपल्यातल्या बऱ्याच जणांची एक तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकतोय. ही माणसं थंड आहेत, चार वर्षं शेजारी राहून नाव विचारत नाहीत, ऑफिस सुटलं की ओळख सुटली. मीही हेच म्हणायचो. भाषा अवघड आहे, हिवाळा लांब आहे, आणि काही ठिकाणी रंगावरून वाईट अनुभवही येतात, ते मी नाकारत नाही. एकदा ट्रामच्या थांब्यावर मलाही एकाने नको ते ऐकवलं होतं. पण आपण या लोकांना भेटतो कुठे? ऑफिसात, मॉलमध्ये, कागदपत्रांच्या खिडकीवर. तिथे कोल्हापूरचा माणूससुद्धा थंडच असतो. माणूस गरम असतो तो आपल्या पेठेच्या सामन्याला. मग तिथे भेटावं ना!

म्हणून म्हणतो, तुम्ही जिथे राहता तिथला क्लब शोधा. व्रोत्सवाफ, वूज, कातोवित्से, ग्दान्स्क, कुठेही असा, शहराच्या कडेला आणि आजूबाजूच्या प्रत्येक गावात एक असतोच. दर्जांच्या नावांनी गोंधळू नका: एक्स्त्राक्लासा सगळ्यात वर, तिच्याखालच्या दुसऱ्या दर्जाला पहिली लीग म्हणतात, तिसऱ्याला दुसरी, आणि असंच खाली. चौथ्या लीगच्याही खाली ओक्रेंगूव्का, म्हणजे जिल्हा पातळीची लीग, मग अ वर्ग, ब वर्ग. जितकं खाली जाल तितकं मैदान तुमच्या जवळ येईल. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत आणि पुन्हा मार्चपासून जूनपर्यंत सामने असतात. तिकीट असलंच तर कॉफीच्या किमतीत. लहान मुलांसाठी बहुतेक क्लब सराव घेतात. आपली मुलं तिथे घाला, चार महिन्यांत तुमच्यापेक्षा चांगलं पोलिश बोलतील. लेवान्दोव्स्की आपल्या मुलांना भिंतीवर हवा असतो, तो प्रुश्कूफच्या झ्निच क्लबातून वर आला. वॉर्साला राहणाऱ्यांनो, प्रुश्कूफ तुमच्यापासून लोकलने अर्ध्या तासावर आहे, आणि झ्निच अजूनही तिथेच खेळतो.

आणि गेलात तर एकदाच जाऊन फोटो काढून येऊ नका. क्लबचा मफलर विकत घ्या. सभासद होता येत असेल तर वर्गणी भरा. आपल्यात संगणकाची कामं करणारे इतके जण आहेत, कुणा क्लबचं हिशेबाचं, फोटोचं, वेळापत्रकाचं काम करून द्या. ग्रोजिस्कचं जे गेलं ते एकाच माणसाच्या खिशावर उभं होतं म्हणून गेलं. जे परत आलं ते डब्यातल्या सुट्ट्या पैशांवर आणि दीडशे माणसांच्या येण्यावर उभं आहे. त्या दीडशेत आपण दहा जण असलो तर कुणाला तरी ते जाणवेल.

कोल्हापूरकर म्हणून एक शेवटचं, आणि ते मोठेपणा मिरवायला नव्हे. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, सैबेरियातून हाल काढून आलेल्या बायका आणि मुलंच जास्त. त्यांचा ग्रोजिस्कशी संबंध नाही, ते पोलंडच्या पूर्वेकडचे. पण त्यांनी वळिवड्यात शाळा काढल्या, चर्च बांधलं, नाटकं केली, स्काउटची पथकं काढली. पाच वर्षांची वस्ती असूनही ते गाव म्हणून राहिले. वॉर्सामध्ये कोल्हापूरचं स्मारक आहे, तिथे तुमच्यापैकी कितीतरी जणांनी फुलं वाहिली आहेत. आजोबांना मी कोल्हापूरचं नाव सांगितलं, त्यांना माहीत नव्हतं. वळिवडेही माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं, मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये, पेल्यातली बिअर कोमट होईपर्यंत. त्यांनी फक्त विचारलं, मग तिथे ती मुलं फुटबॉल कुठे खेळायची? मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी वळिवड्याबद्दल मिळेल ते वाचतोय.

वसंतातले सामने मार्चमध्ये सुरू होतील. पहिला घरचा सामना कधी आहे ते समजलं की मी सगळ्यांना कळवतो. पोझनानच्या मुख्य स्टेशनवरून वोल्श्टिनची गाडी घ्यायची, ग्रोजिस्कला उतरायचं आणि तिथून चालतच जायचं. थंडी असेल, मोजे दोन घाला. शाकाहाऱ्यांनी डबा आणावा, मैदानावर सॉसेजशिवाय काही मिळत नाही. सिटीचा शर्ट घालून आलात तरी चालेल, आजोबांना भेटायला आवडेल तुम्हाला. बिया मी घेऊन येतो.

आपला,
पोझनानमधला एक कोल्हापूरकर